डायनासोर ते मानव : भारतीय उपखंडातील जीवसृष्टी

गेल्या सुमारे ७ कोटी वर्षांत भारतीय उपखंडातील प्राणी आणि वनस्पती कशा बदलत गेल्या, याचा हा आढावा आहे. डायनासोर गेले आणि पुढे माणूस आला, हे जगभर घडले. भारतात मात्र ते सरकत्या भूमीवर घडले. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून सुटलेला भारत समुद्राने वेढलेला होता आणि उत्तरेकडे निघाला होता. वाटेत त्याच्यावर लाव्हा पसरला. पुढे तो आशियाला भिडला आणि हिमालय उंचावला. इथली जीवसृष्टी समजून घ्यायची तर हा प्रवास सतत ध्यानात ठेवावा लागतो.

डायनासोरांचा काळ. आशियातील डायनासोरांच्या अगदी सुरुवातीच्या शोधांपैकी एक जबलपूरचा आहे. तिथे १८२८ मध्ये विल्यम स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याला काही हाडे मिळाली. त्यांवरून रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ मध्ये ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. ज्या खडकांत ही हाडे सापडली ते नर्मदाकाठच्या लॅमेटा घाटावरून ‘लॅमेटा’ म्हणून ओळखले जातात. जबलपूरपासून गुजरातपर्यंत आणि इकडे नागपूर–चंद्रपूरपर्यंत ते तुकड्यातुकड्यांनी उघडे पडलेले आहेत. या खडकांत डायनासोरांच्या हाडांपेक्षाही अंडी विपुल आहेत. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातील ९२ घरटी आणि २५६ अंडी यांची नोंद २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. गुजरातमधील धोली डुंगरी येथील एका घरट्यात तर फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप आणि शेजारी डायनासोराचे नुकतेच जन्मलेले पिल्लू, असे सारेच दगड होऊन राहिले आहे. या सापाचे नाव ‘सानाजे’.

महाराष्ट्राचा वाटा चंद्रपूर जिल्ह्यातला. डोंगरगावच्या टेकडीत मिळालेल्या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोराला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून ‘इसिसॉरस’ म्हणतात. त्याच परिसरातील पिसदुरा या गावाच्या शिवारात डायनासोरांची दगड झालेली विष्ठा सापडते. दिसायला किरकोळ असलेल्या या विष्ठाश्मांनी एक मोठी समजूत मोडून काढली. गवत डायनासोरांनंतर उगवले, असे पूर्वी मानले जाई. वनस्पतीच्या पेशींत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण साचतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीचे कूळ ओळखता येते. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००५ मध्ये पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांत किमान पाच प्रकारच्या गवतांचे असे कण आढळले. त्यांत आजच्या भाताच्या आणि बांबूच्या नात्यातली गवतेही होती. ज्या कुळावर आज आपले पोट अवलंबून आहे, त्याचे पूर्वज विदर्भात डायनासोर चरत होते. भारतीय जीवाश्मांच्या अभ्यासातला हा फार मोलाचा शोध मानायला हवा.

लाव्हा आणि लघुग्रह. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहू लागला. शंकूसारखा एखादा डोंगर फुटला, असे हे नव्हते. लाव्हा थरावर थर पसरत गेला. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे तेच थर. आज उरलेला हा काळा पाषाण सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि पश्चिम घाटात त्याची जाडी २ किलोमीटरच्या आसपास भरते. दोन उद्रेकांमधल्या शांत काळात थंड झालेल्या लाव्ह्यावर तळी साचत, झाडी वाढे. मग पुढचा लाव्हा येऊन ते सारे झाकून टाकी. अशा दोन थरांमधल्या गाळात शंख, मासे, ताडाची खोडे आणि फळे मिळतात. कच्छमधील अंजार येथे अशाच गाळात डायनासोरांची हाडे आणि अंड्यांची कवचेही मिळाली आहेत. म्हणजे लाव्हा वाहू लागताच डायनासोर मेले, असे झाले नाही. उद्रेक सुरू असतानाही ते अधल्यामधल्या काळात वावरत होते.

त्याच सुमारास मेक्सिकोच्या युकातान भागात सुमारे १० किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आदळला. धूळ आणि काजळीने सूर्यप्रकाश अडला, वनस्पती मेल्या आणि त्यांच्यावर जगणारी साखळी कोसळली. जगातल्या सुमारे तीन चतुर्थांश जाती तेव्हा नाहीशा झाल्या. या संहाराचे मुख्य कारण लघुग्रहाचा आघात होता, याकडे आज बहुतेक अभ्यासकांचा कल आहे. दख्खनच्या ज्वालामुखीचा हातभार किती होता, हा वाद अजून चालू आहे.

वाचलेले. थोडके खाऊन बिळात किंवा पाण्यात तग धरू शकणाऱ्या लहान जीवांचे नशीब बरे ठरले. डायनासोरांच्या काळातच भारतात उंदराएवढे सस्तन प्राणी होते. तेलंगणातील नसकल येथे सापडलेल्या अशा एका प्राण्याचे नाव ‘डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी’. नागपुरात राहून त्या भागाच्या भूविज्ञानाचा पाया घालणाऱ्या स्टीफन हिस्लॉप यांच्या स्मरणार्थ ते दिलेले आहे. मुंबईत वरळीच्या टेकडीत लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले आणि १८४७ मध्येच रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन केले. आज तिथे इमारती उभ्या आहेत.

बेडकांतला आणखी एक साक्षीदार जिवंत आहे. केरळमधील सह्याद्रीत जमिनीखाली राहणाऱ्या जांभळ्या बेडकाचे (‘नासिकाबॅट्राकस’) वर्णन २००३ मध्ये झाले. त्याचे सर्वांत जवळचे नातलग सेशेल्स बेटांवर आढळतात. सेशेल्स आणि भारत एकमेकांपासून सुटले ते दख्खनच्या उद्रेकांच्याच सुमारास. ती ताटातूट या बेडकाच्या नात्यात आजही दिसते.

आशियाशी गाठ. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला भिडला. सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीत याच्या थोडे आधीचे, सुमारे ५.४५ कोटी वर्षांपूर्वीचे जग सापडले आहे. त्यात वटवाघळे आहेत, आद्य प्रायमेट (माकडे, कपी आणि माणूस ज्या गणात येतात त्यातले प्राणी) आहेत आणि घोडा–गेंड्यांच्या दूरच्या नात्यातला ‘कॅम्बेथेरियम’ही आहे. तिथल्या राळेत अडकलेल्या कीटकांचे नाते इतर खंडांतल्या कीटकांशी जुळते. त्यामुळे भारत कोट्यवधी वर्षे पार एकटा होता, ही कल्पना आता तशीच्या तशी टिकत नाही.

देवमाशांचा उगमही याच टापूतला. जम्मूतील कालाकोट येथे सापडलेला मांजराएवढा ‘इंडोह्यस’ हा चार खुरांचा प्राणी देवमाशांचा निकटचा आप्त होता. त्याची हाडे पाण्यात पाय रोवायला सोयीची, जाड आणि जड होती. ‘पाकिसेटस’ हा आद्य देवमासा पाकिस्तानातला. पुढच्या टप्प्यातले, बराच वेळ पाण्यात घालवणारे ‘कच्छिसेटस’सारखे प्राणी कच्छचे. त्याच कच्छमधील पानंध्रो येथे सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीचा ‘वासुकी’ हा महाकाय साप सापडला आणि २०२४ मध्ये जाहीर झाला. त्याची लांबी ११ ते १५ मीटर असावी, असा अंदाज आहे.

शिवालिकातले कपी. हिमालयातून वाहून आलेल्या गाळाने बनलेल्या शिवालिक टेकड्यांत हत्तींचे नाना प्रकार, आखूड मानेचे अगडबंब जिराफ आणि शेपूट नसलेले कपी यांचे अवशेष आहेत. १९३२ मध्ये तिथे मिळालेल्या जबड्याच्या तुकड्याला ‘रामापिथेकस’ नाव मिळाले आणि हाच माणसाचा पूर्वज, असे पुढे कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांतूनही शिकवले गेले. अधिक पूर्ण कवट्या मिळाल्यावर तो ‘शिवापिथेकस’चाच एक भाग ठरला, आणि त्याचा चेहरा ओरांगउटानाशी जुळला. सुमारे ८० ते ७० लाख वर्षांपूर्वी इथली जंगले विरळ होत गेली, गवताळ माळ वाढले आणि फळांवर जगणाऱ्या कपींना थारा उरला नाही. माणसाची वंशशाखा फुटली ती आफ्रिकेत.

माणूस. तमिळनाडूतील अतिरमपक्कम येथे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत. त्या घडवणारे आपल्याआधीचे मानव होते. महाराष्ट्रात प्रवरेकाठी नेवासे आणि कुकडीकाठी बोरी येथे अशी हत्यारे सापडली. बोरीला त्यांच्यासोबत इंडोनेशियातील टोबा ज्वालामुखीची राखही आहे. ती कोणत्या उद्रेकाची, याबाबत मतभेद आहेत. ५ डिसेंबर १९८२ रोजी अरुण सोनकिया यांना नर्मदेकाठी हथनोरा येथे पुरामानवाच्या कवटीचा भाग मिळाला. इतक्या जुन्या काळातली मानवी कवटी भारतात सापडण्याची ही पहिलीच वेळ.

आधुनिक मानवाचे सर्वांत जुने अवशेष मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथील, सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. तो भारतात आला तेव्हा मांजरा नदीच्या खोऱ्यात पाणघोडे होते आणि माळांवर शहामृग धावत. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे शां. अ. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि कवचाचा एक कोरलेला तुकडा मिळाला. तो सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा आहे. पक्षी हीच डायनासोरांची उरलेली शाखा. तिच्यातल्याच एका पक्ष्याच्या अंड्यावर कुणीतरी समांतर रेषा ओढल्या आणि त्यांच्यामधली जागा आडव्यातिडव्या रेघांच्या जाळीने भरून काढली.