उजेड गेल्यावर चार मिनिटं

१५ जुलै २०२५. रोवणीचे दिवस होते, तरी दुपारी तीनच्या आधीच घरचे सगळे बांधीतून येऊन टीव्हीपुढे बसले होते. पायांवरचा चिखल तसाच वाळत होता. शुभांशू शुक्ला अठरा दिवस अंतराळ स्थानकात राहून परत येत होते. त्यांचं 'ग्रेस' यान ३ वाजून १ मिनिटाला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरलं. तिकडे तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. यान उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या लोकांना धडाका ऐकू येईल, असं यान बनवणाऱ्या स्पेसएक्स कंपनीने अगोदरच सांगून ठेवलं होतं. माझी भाची नेमकी तिथं अडली.

"मामा, यान तं समुद्रात पडते. मंग घरात झोपलेल्या मानसाले आवाज कसा जाते?"

तिची शंका रास्त होती. पाण्यात उतरताना यान पॅराशूटला लटकलेलं असतं, वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास. त्याचा कसला धडाका होणार? तो त्याच्या बराच आधी, खूप उंचावर तयार झालेला असतो आणि जमिनीकडे यायला निघालेला असतो.

वैनगंगेच्या पात्रातला ढिवराचा डोंगा आठवा. तो संथ सरकतो, त्याचे तरंग त्याच्या पुढेही निघून जातात. मोटरबोट गेली की तसं होत नाही. ती तरंगांपेक्षा जोरात धावते, मग सगळे तरंग तिच्या मागे एकमेकांवर चढतात आणि पाचरीसारखी एक मोठी लाट तयार होते. हवेत हेच घडतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, म्हणजे ताशी सव्वाबाराशे किलोमीटर. परतीचं यान वातावरणात शिरतं ते ताशी सुमारे २८,००० किलोमीटरने. समोरच्या हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. ती दाबली जाते आणि त्या दाबाची पाचर यानामागे पसरत जाते.

पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं की आवाजाचा वेग 'ओलांडला' त्या क्षणी एकदाच धडाका होतो. हे चूक आहे. मोटरबोटीची लाट नदीकाठच्या एकाच घाटाला लागत नाही. बोट पुढे जाते तशी ती एकेका घाटाला, धुणं धुणाऱ्या एकेका बाईच्या पायाला येऊन लागते. ज्याला त्याला वाटतं लाट आपल्यापाशीच उठली. यान आवाजापेक्षा वेगात आहे तोवर धडाका असाच गावामागून गाव ओलांडत त्याच्या मागे चालत राहतो. स्थानक मात्र रोज आपल्या डोक्यावरून त्याच वेगात जातं आणि चूं होत नाही. चारशे किलोमीटर उंचीवर दाबायला हवाच जवळपास नाही.

या दाबाचा आकडा मला फार आवडतो. जमिनीवर पोचणाऱ्या अशा लाटेने हवेचा दाब वाढतो तो बहुधा पन्नास ते शंभर पास्कल (पास्कल हे दाब मोजायचं माप). एरवीचा दाब एक लाख पास्कलच्या घरात असतो, म्हणजे वाढ हजारातल्या एका भागाहून जास्त नाही. जागलीसाठी चार मीटर उंच मचाणीवर चढलात तर तेवढ्या चढण्याने कानावरचा दाब जवळपास पन्नास पास्कलने बदलतो. कळतं का? नाही, कारण चढायला वेळ लागतो. धडाक्यात तोच बदल काही हजारांश सेकंदांत होतो. कान दचकतो तो दाबाच्या आकड्याला नाही, त्याच्या झटक्याला. आणि पन्नास पास्कल म्हणजे दर चौरस मीटरला पाच किलोचा धक्का. छपरावर तीन चौरस मीटरचं टिन असेल तर त्याला पंधरा किलोची थाप एकदम बसते. म्हणून आधी टिना आणि दारं वाजतात.

२० मे २०२० ला बंगळुरूत असंच झालं. लोक भूकंप समजले. ते हवाई दलाचं चाचणी उड्डाण होतं. वणी-चंद्रपूरच्या कोळसा खाणींजवळ राहणाऱ्यांना यातला फरक ओळखणं जड नाही. खाणीत ब्लास्टिंग झालं की आधी जमीन हलते, मांडणीवरची भांडी किणकिणतात आणि आवाज मागून येतो, कारण खडकातून हादरा हवेपेक्षा कितीतरी पटीने लवकर पोचतो. आभाळातून आलेल्या लाटेत जमीन अशी आधी खबर देत नाही.

स्पेस शटल उतरायचं तेव्हा फ्लोरिडात धडाके दोन व्हायचे, अर्ध्या सेकंदाच्या अंतराने. एक नाकाकडच्या लाटेचा, एक शेपटीकडचा. शटल सदतीस मीटर लांब, म्हणून कानाला दोन्ही वेगळे कळायचे. १ फेब्रुवारी २००३ ला कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी ज्यात होते ते कोलंबिया शटल टेक्सासवर तुटलं, तेव्हा पूर्व टेक्सासमधल्या घरांत लोकांनी 'धाड-धाड' ऐकलं नाही. त्यांनी ऐकली घरं हलवणारी लांबलचक गडगड. प्रत्येक तुकड्याची आपली लाट होती आणि त्या एकामागून एक पोचत होत्या. ते वर्णन वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

आपल्याकडे २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, पावणेआठच्या सुमारास आभाळातून पेटत्या गोळ्यांची रांग गेली. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची भलीमोठी कडी पडली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या 'लाँग मार्च ३-बी' रॉकेटचा तो तिसरा टप्पा असावा, असं अभ्यासकांनी कक्षेच्या हिशोबावरून सांगितलं. असं रॉकेट ऐंशी किलोमीटरच्या आसपास तुटतं. तिथली हवा इतकी विरळ की लाट अशक्तच निघते. खाली येईतो तुकडेही मंदावतात आणि आवाजाहून कमी वेगाने जमिनीवर आदळतात.

तुकडा मोठा असला तर गोष्ट वेगळी. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्क शहरावर अंतराळातून आलेला वीसेक मीटरचा दगड तीस किलोमीटर उंचीच्या आसपास फुटला. उजेड पाहून लोक खिडक्यांशी गेले. दोनेक मिनिटांनी लाट आली आणि काचा फुटल्या. जखमी झालेल्या सुमारे दीड हजार लोकांतले बहुतेक काचांनीच कापले गेले होते.

भाचीने हे ऐकलं आणि उठून आजीकडे गेली. वीज चमकल्यावर तीन सेकंदांना एक किलोमीटर, हा हिशोब तिला शाळेमुळे पाठ आहे.

"आजी, पाडव्याच्या दिवशी तो उजेड गेला, त्याचा आवाज आला होता काय वं?"

"नाही बाई. काहीच नाही."

"तू अंगणात किती वेळ होतीस?"

"उजेड गेला अन् आम्ही घरात आलो. भाजी चुलीवर होती."

भाचीने वहीत ऐंशीला तीनाने गुणलं. दोनशे चाळीस सेकंद. वरच्या थंड हवेत आवाज थोडा हळू चालतो, म्हणून मी तिला त्यात वीस-पंचवीस सेकंद वाढवायला सांगितले. चार मिनिटांच्या वर. आमच्या अंगणातलं कुणीही त्या संध्याकाळी एवढा वेळ बाहेर थांबलं नव्हतं.