सरकत्या कठड्याची बेचकी

क्रिब म्हणजे चारी बाजूंनी गजांचे कठडे असलेला बाळाचा पलंग. त्यातल्या बाळाला उचलायचं तर कठड्यावरून पार खाली वाकावं लागतं, आणि बाळंतपणानंतर कंबर त्याला तयार नसते. एक बाजू खाली सरकणारी क्रिब अमेरिकेत घरोघरी होती ती याचसाठी. २८ जून २०११ पासून मात्र तिथे ती बनवायला आणि विकायला बंदी आहे. हॉटेलं आणि पाळणाघरांना जुन्या क्रिब बदलायला २८ डिसेंबर २०१२ पर्यंत मुदत मिळाली. २००० सालापासूनचे किमान ३२ बालमृत्यू या सरकत्या बाजूशी जोडले गेले होते.

दोष होता जोडणीत. कठडा दोन्ही टोकांना खाचेतून सरकतो आणि बहुधा प्लॅस्टिकच्या कड्यांवर तोललेला असतो. प्लॅस्टिकला तडा जातो, रोजच्या हलण्याने स्क्रू सैल होतात. पहिलं मूल मोठं झालं की क्रिब सुटी करून माळ्यावर जाते. दुसऱ्याच्या वेळी जोडताना एखादा स्क्रू सापडत नाही, मग हाताला लागेल तो बसतो. काही मॉडेलमध्ये कठडा उलटाही बसायचा. बसतो म्हणून चूक लक्षातच येत नाही.

मग एक कोपरा निसटतो. बाकीचे तीन घट्ट असल्याने लांबून क्रिब ठीकठाकच दिसते. बाळ त्या बाजूला रेललं की कठडा बाहेर झुकतो आणि कोपऱ्यात बेचकी तयार होते. पाय आणि कंबर त्यातून खाली जातात, डोकं जात नाही. शरीराचा भार मानेवर येतो, श्वास कोंडतो, आणि अशा वेळी बाळाला रडताही येत नाही.

२००७ पासून एक कोटी दहा लाखांहून जास्त क्रिब कंपन्यांनी परत मागवल्या होत्या. सरकती बाजू कायमची जखडून टाकण्याचे सुटे भागही वाटले गेले. पण परत मागवल्याची सूचना पहिल्या गिऱ्हाइकाला जाते. तिसऱ्या घरात पोचलेल्या क्रिबला कोण कळवणार? शेवटी तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने एकेका ब्रँडमागे न धावता रचनेवरच बोट ठेवलं, आणि ते योग्यच झालं. नवे नियम सरकत्या बाजूपुरते नाहीत. गज किती भार सोसतात, जोड सततच्या हिसक्यांनी सैल होतात का, हेही तपासलं जातं. मुख्य सांगाड्याचे भाग नुसत्या लाकडी स्क्रूवर जोडायला मनाई आहे. त्यामुळे चारी बाजू पक्क्या असलेली जुनी क्रिबही या नियमांत बसत नसेल तर विकता येत नाही, अगदी गराज सेलमध्ये, म्हणजे घरापुढे मांडलेल्या जुन्या सामानाच्या विक्रीतसुद्धा. न्यू जर्सीत एका मराठी घरातून दुसऱ्यात प्रेमाने जाणारी क्रिब घेण्याआधी लेबलवरची उत्पादनाची तारीख बघावी. ती २८ जून २०११ च्या आधीची असेल तर नको म्हणावं.

तारीख ठीक असली तरी क्रिब हाताने तपासावी. दोन गजांमधलं अंतर ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. तिथल्या सोड्याच्या कॅनचा व्यास ६.६ सेंटीमीटर असतो, तो उभा धरून गजांमधून गेला तर फट मोठी आहे. गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटांहून जास्त जागा नको. कोपऱ्याचे खांब दीड मिलिमीटरहून वर आलेले नकोत, अंगडं अडकतं. चारी कोपरे धरून हलवावेत. करकर ऐकू आली तर स्क्रू आवळावेत, आणि एखादा हरवलेला असेल तर कंपनीकडूनच मागवावा.

कठड्याला आतून बांधायच्या मऊ गाद्या मूळच्या रुंद फटी झाकण्यासाठी होत्या. १९७३ च्या नियमाने फटी अरुंद झाल्या, गाद्या मात्र शोभेपुरत्या उरल्या. बाळाचं नाक त्यात दाबलं जातं, म्हणून नोव्हेंबर २०२२ पासून अमेरिकेत त्यांवरही बंदी आहे. त्याच कायद्याने १० अंशांहून जास्त उतार असलेली झोपायची आसनंही गेली: उतारावर हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट आवळते.

जुनी क्रिब टाकून द्यायची तर आधी सगळे भाग सुटे करावेत. रस्त्याकडेला अख्खी उभी ठेवली की संध्याकाळपर्यंत कुणीतरी ती उचलून घरी नेतं.