वरची कवळी आणि वरच्या जबड्याची रचना

वरचे सगळे दात गेल्यावर जी पूर्ण कवळी बसवतात ती कशालाही अडकवलेली नसते. तार नाही, हूक नाही, खालून टेकू नाही, वर टाळूला लटकून राहायचं आणि वजन सतत खाली ओढतंय, तरी नीट बनली असेल तर माणूस भाकरी खातो, शिंकतो, भांडतो आणि ती जागची हलत नाही. ही करामत अर्धी लाळेची आणि अर्धी वरच्या जबड्याच्या रचनेची, म्हणून कवळी करणाऱ्याला आधी टाळू वाचता आला पाहिजे.

लाळेचं काम समजायला ओटा पुरे. ओट्यावर पाणी सांडलेलं असताना स्टीलचं सपाट झाकण त्यावर पडलं तर सरळ उचलायला गेलं की निघत नाही, कडेला नख घालून हवा आत सोडावी लागते. कवळी आणि टाळू यांच्यामध्ये लाळेचा तसाच पातळ थर असतो आणि काठ सगळीकडून बंद असतो, कुठूनही हवा शिरली की खेळ खलास. जागा जितकी जास्त तितकी पकड जास्त. वरच्या जबड्यात अशी जागा सरासरी २४ चौरस सेंटिमीटरच्या आसपास मिळते, खालच्यात जेमतेम १४, त्यात मध्ये जीभ, म्हणून लोकांची तक्रार बहुतेक खालच्या कवळीचीच असते.

घरात कोणाची वरची कवळी असेल तर धुताना उलटी धरून आतली बाजू बघा, टाळूचा नकाशाच असतो तो. सगळ्यात पुढे, मधल्या दोन दातांच्या मागे एक छोटा खळगा दिसतो. तिथे तोंडात इन्सिसिव्ह पॅपिला नावाचा मांसल उंचवटा असतो, त्याच्या खालच्या भोकातून नस आणि रक्तवाहिन्या बाहेर येतात. तिथे कवळी दाबली की टाळूच्या पुढच्या भागात आग आग होते, म्हणून ती जागा मोकळी सोडतात. पण हाच उंचवटा खुणेचा दगड म्हणूनही कामाला येतो, कारण नैसर्गिक मधल्या दातांची पुढची बाजू त्याच्या मध्यापासून साधारण ८ ते १० मिलिमीटर पुढे असायची, त्यावरून नवे दात किती पुढे लावायचे याचा अंदाज येतो. त्याच्या मागच्या आडव्या वळ्या म्हणजे रुगी, त्या थोडाफार भार घेतात, माप घेताना चेपल्या जाऊ नयेत एवढंच.

मधोमध मागे जाणारी रेघ म्हणजे टाळूच्या दोन्ही बाजूंची हाडं जिथे जुळतात ती शिवण. तिच्यावरची त्वचा अगदी पातळ, खाली लगेच हाड, दाब सोसत नाही. हिरडी झिजत गेली की कवळी या रेघेवर सी-सॉसारखी डुलायला लागते आणि वरच्या कवळ्या बरोबर मधून फुटतात त्यामागचं हे एक कारण आहे. काहींना इथे हाडाचा गोळाच असतो, टोरस म्हणतात, लहान असेल तर कवळीत तेवढी जागा सोडून भागतं, मोठा असून पार मागेपर्यंत गेला असेल तर ऑपरेशन करून काढावा लागतो. खरा भार घेतात ते कडक टाळूचे दोन्ही बाजूंचे उतार आणि हिरडीचा माथा. यातलं पहिलं कोण यावर पुस्तकांत एकमत नाही, मला उतार जास्त भरवशाचे वाटतात कारण टाळूचं आडवं हाड हिरडीच्या हाडासारखं पटापट झिजत नाही.

आता काठ. ओठ वर उचलला की मध्ये दोरीसारखी घडी दिसते, ती लेबियल फ्रेनम, तिच्यात स्नायू नसतो म्हणून कवळीच्या काठाला अरुंद खाच पुरते. गालाकडची बकल फ्रेनम मात्र स्नायूंच्या ओढीने पुढे-मागे सरकते, तिला रुंद खाच द्यावी लागते, कंजुषी केली की हसताना कवळी सुटते. आणखी मागे, शेवटच्या दाढेच्या बाहेर, एक फसवी जागा आहे. तोंड मोठं उघडलं की खालच्या जबड्याचं वरचं टोक, कोरोनॉइड, तिथून सरकतं, कवळीचा काठ तिथे जाड असेल तर प्रत्येक जांभईला कवळी खाली. म्हणून ट्रेच्या, म्हणजे माप घ्यायच्या पात्राच्या, काठाला ग्रीन स्टिक ही गरम केल्यावर मऊ होणारी कांडी लावल्यावर पेशंटला ओठांचा चंबू करायला, हसायला, जबडा डावी-उजवीकडे फिरवायला सांगतात, म्हणजे काठ त्या हालचालींप्रमाणे घडतो.

सगळ्यात अवघड मागचा काठ. अक्कलदाढेच्या जागी जो फुगवटा असतो, ट्युबरॉसिटी, त्याच्या लगेच मागे हॅम्युलर नॉच नावाची मऊ खाच असते, दोन्हीकडच्या खाचांमधून कवळीचा मागचा काठ जातो. मधे तो कुठे थांबवायचा हे ठरवायला पेशंटला ‘आ’ म्हणायला लावतात, मऊ टाळू जिथून हलायला लागतो ती व्हायब्रेटिंग लाइन, कॉपिंग पेन्सिलने तिथे खूण करतात. तिथेच मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ग्रंथींची दोन बारीक छिद्रं दिसतात, फोविया, रेघ बहुतेक वेळा त्यांच्या जवळपासच असते पण नुसत्या छिद्रांवर भरवसा ठेवू नये. या रेघेच्या थोडं पुढे, मापावरून ओतलेल्या टाळूच्या साच्यावर एक-दीड मिलिमीटर खरवडतात, मग कवळीला तिथे बारीक उंचवटा येतो आणि तो मऊ भागात किंचित रुतून हवा अडवतो. शिवाय अ‍ॅक्रिलिक हे कवळीचं प्लास्टिक शिजताना आकसतं आणि टाळूच्या मागच्या बाजूला फट पडते, तीही यानेच भरून निघते. गंमत अशी की पेशंट येऊन सांगतो, मागे लांब वाटतंय, ओकारीसारखं होतंय, जरा कापा. घाईने कापलं की सील, म्हणजे हवा अडवणारा तो काठ, गेलं, दुसऱ्या दिवशी तोच पेशंट कवळी रुमालात बांधून परत हजर. ओकारी पुष्कळदा लांबीमुळे नाही तर सील नसल्याने काठ हलून टाळूला गुदगुल्या करतो म्हणून येते.

दात गेल्यावर वरचं हाड वर आणि आत झिजत जातं, खालचं खाली जातं आणि बाहेर सरकल्यासारखं दिसतं, म्हणून म्हाताऱ्या चेहऱ्याची हनुवटी पुढे आल्यासारखी वाटते. टॅलग्रेन या दंतसंशोधकांनी १९७२ साली कवळी वापरणाऱ्यांचा २५ वर्षांचा अभ्यास छापला, त्यात खालचं हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजलेलं निघालं. त्याच वर्षी केली नावाच्या दंतवैद्यांनी दाखवलं की खाली फक्त पुढचे नैसर्गिक दात उरले असतील आणि वर पूर्ण कवळी असेल तर वरचं पुढचं हाड विरघळून तिथे लिबलिबीत हिरडी उरते आणि मागचे फुगवटे खाली लोंबायला लागतात. अशा हिरडीचं माप दाब देऊन घेतलं तर ती वाकते, माप वाकड्या अवस्थेत येतं आणि तोंडात ती परत सरळ झाली की कवळीला ढकलून देते, म्हणून ट्रेला त्या जागी खिडकी कापून मापाचं पातळ मटेरियल हलकेच सोडतात.

चार-पाच वर्षांनी ‘कवळी ढिली झाली’ म्हणतात तेव्हा कवळी तशीच असते, तिच्यावरचा जबडा झिजलेला असतो. दात चांगले असतील तर नवी न करता आतून नवा थर देऊन, म्हणजे रिलाइन करून, तिला बदललेल्या टाळूशी पुन्हा जुळवून घेता येतं.