सोंडवाला विद्युत् मासा
(शास्त्रीय नाव : नॅथोनेमस पीटर्साय). मॉर्मिरिडी कुलातील गोड्या पाण्यातला मासा. पश्चिम व मध्य आफ्रिकेत नायजर, काँगो आदी नद्यांच्या खोऱ्यांतील संथ, गढूळ पाण्यात तो आढळतो. लांबी साधारणपणे २० ते २५ सेंमी.; अंग चपटे, काळपट तपकिरी, पृष्ठपक्ष (पाठीवरचा पर) आणि गुदपक्ष (पोटाखाली, गुदद्वारामागचा पर) यांच्या दरम्यान दोन फिकट पट्टे. सोंड म्हणजे नाक नव्हे, तर लांबलेली हनुवटी होय. नाकपुड्या वर, डोळ्यांपुढे असतात.

शेपटीच्या बुडाशी रूपांतरित स्नायुपेशींचा विद्युत् अवयव असतो. त्यातून निघणारे प्रत्येक स्पंदन अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी टिकते आणि इतके क्षीण असते की त्याने भक्ष्य मरत नाही. ते केवळ परिसर जाणण्यासाठी असते. स्पंदनागणिक माशाभोवती विद्युत् क्षेत्र तयार होते. जवळ दगड असेल तर प्रवाह त्याला वळसा घालतो, किडा असेल तर त्याच्यातून जातो. हा फरक कातडीवरील ग्राही (वीज जाणणारी सूक्ष्म संवेदनेंद्रिये) टिपतात. सजीवांच्या पेशी थोडा विद्युत्‌भार साठवतात, त्यामुळे स्पंदनाचा आकारही किंचित बदलतो. म्हणून जिवंत आणि निर्जीव वस्तू या माशाला काळोखातही वेगळ्या ओळखू येतात. रात्री तो सोंड डावी-उजवीकडे झुलवत तळाजवळून फिरतो आणि गाळात दडलेल्या कीटकांच्या अळ्या अचूक हुडकतो; सोंडेवर ग्राहींची सर्वांत दाट गर्दी असते. अशा वेळी स्पंदनांचा वेगही वाढतो.

स्पंदन सोडण्याचा आदेश निघताच त्याची प्रत मेंदूतील संवेदनकेंद्राकडेही जाते. म्हणूनच स्वतःचे स्पंदन कोणते आणि शेजारच्या माशाचे कोणते, हे त्याला चटकन कळते. शेजाऱ्याच्या स्पंदनांसाठी निराळे ग्राही असतात. त्यांच्यावर या माशांचा आपसातला संवाद चालतो. एवढ्या कामाला मेंदूही तसाच लागतो. अनुमस्तिष्काचा (लहान मेंदूचा) एक भाग इतका वाढलेला असतो की तो उरलेल्या मेंदूवर पसरतो. शरीर वापरत असलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे ६० टक्के एकट्या मेंदूला लागतो. माणसात हे प्रमाण सुमारे २० टक्के आहे.

क्षीण विजेचा असा उपयोग प्रथम प्राणिशास्त्रज्ञ हान्स लिसमन यांनी दाखवला. त्यांनी १९५१ मध्ये जिम्नार्कस या आफ्रिकी माशाची अखंड विद्युत् स्पंदने नोंदवली. तो मासा पाठीचा कणा ताठ ठेवून केवळ लांब पृष्ठपक्षाच्या लाटांवर पुढे-मागे पोहतो, कारण शेपूट वाकली की स्वतःचेच विद्युत् क्षेत्र विस्कटते. दक्षिण अमेरिकेतील सुरीमाशांमध्ये ही क्षमता स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली. तेही अंग ताठ ठेवूनच पोहतात, मात्र त्यांच्या लाटा पोटाखालच्या गुदपक्षावर उठतात.