हात आखडता घेणारा डायनामो

रविवारी सकाळी सायकल राइडनंतर नाशिकच्या सोमेश्वरला चहा घेताना एका मित्राने मोबाइल पुढे केला. कुणीतरी इलेक्ट्रिक स्कूटरच्या मागच्या चाकाला डायनामो जोडला होता आणि गाडी चालता चालता स्वतःची बॅटरी स्वतःच भरत होती म्हणे. खाली ओळ होती, ‘आता चार्जिंग विसरा!’ दुसरा मित्र कपातलं तोंड न काढता म्हणाला, “डायनामोचं नाव नको. लावला की सायकल दगड होते.” एकाला डायनामो म्हणजे फुकटची वीज वाटत होती, तर दुसऱ्याला पायातली बेडी. मी नेमका डायनामो घ्यायच्या विचारात होतो, त्यामुळे दोघांचाही राग आला.

आधी बेडीचं बघू. सायकलच्या दिव्यांचं जुनं माप ६ व्होल्ट, ३ वॅट असं आहे. त्यातले २.४ वॅट पुढच्या दिव्याला आणि ०.६ मागच्या. चाकाच्या मधोमध बसणारा चांगला हब डायनामो हे ३ वॅट देताना पायांकडून साधारण ५ वॅट घेतो. टायरला रोलर टेकवून फिरणारा, बाटलीच्या आकाराचा जुना डायनामो त्याच कामाला १० वॅट किंवा जास्तही खातो. आरामात सायकल मारणारा माणूस ७५ ते १०० वॅट देतो. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरले आणि वेग ताशी १५ किलोमीटर, तर ५ वॅटचा भार म्हणजे किलोमीटरमागे दीड मीटर चढ. बाटलीवाल्याचा तीन मीटर. हे जाणवतं, पण याला दगड म्हणत नाहीत. मला तर वाटतं की बाटलीवाल्याचा जडपणा निम्मा त्याच्या घुंईऽऽ आवाजातच असतो.

आता फुकटच्या विजेचं. ५ वॅट घालून ३ हाती येतात, यातच सगळं आलं. बॅटरीतून मोटर, मोटरमधून चाक, चाकातून डायनामो आणि पुन्हा बॅटरी, या फेरीत प्रत्येक नाक्यावर टोल भरावा लागतो. कसारा घाट उतरताना ब्रेकऐवजी डायनामोने वेग रोखला तर थोडी वीज परत मिळेल, कारण ती चढताना आपण आधीच खर्च केलेली असते. सपाट रस्त्यावर मात्र अशी स्कूटर डायनामो नसलेल्या स्कूटरपेक्षा लवकर थांबेल. असा व्हिडिओ पुढे ढकलण्यापूर्वी दहावीचं विज्ञानाचं पुस्तक उघडायला काय हरकत आहे?

पण मला सांगायचंय ते वेगळंच. वीज तयार करणं ही डायनामोची खरी करामत नाहीच. ती मायकेल फॅरेडेने १८३१ मध्येच दाखवली होती: तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवा, तारेत धारा वाहते. जितक्या जोरात हलवाल तितकं व्होल्टेज जास्त. मग ताशी १० किलोमीटरला ६ व्होल्ट मिळत असतील, तर उतारावर ४० च्या वेगाला २४ मिळायला हवेत आणि बल्ब फट्कन जायला हवा. तो जात नाही. जुन्या डायनामोत तर इलेक्ट्रॉनिक्स नावालाही नाही. मग त्याला आवरतं कोण?

त्याचं तारेचं वेटोळंच. हबच्या आत वेटोळं स्थिर असतं आणि त्याच्याभोवती चुंबकांचं कडं फिरतं. उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण असे बहुधा २६ ध्रुव, म्हणजे १३ जोड्या. चाकाचा घेर २.१ मीटर, त्यामुळे ताशी १५ च्या वेगाला चाक सेकंदाला दोनदा फिरतं आणि धारा सेकंदाला २६ वेळा पुढे-मागे होते. (घरातली ५० वेळा. अशी उलटसुलट धारा देणाऱ्या यंत्राला डायनामो म्हणणंही काटेकोरपणे चूकच, पण आता ते कोण ऐकणार!) ही धारा वेटोळ्यात वाहते तेव्हा स्वतःचं चुंबकत्व तयार करते, आणि धारा बदलू लागली की ते चुंबकत्व त्या बदलाला विरोध करतं. हा लेन्झचा नियम, १८३४ सालचा. धारा जितक्या वेळा उलटेल तितका हा अडथळा मोठा. म्हणजे वेग दुप्पट झाला की धारेला ढकलणारं बळ दुप्पट, आणि अडवणारंही दुप्पट. पगार दुप्पट झाला आणि महागाईही दुप्पट झाली, तर पिशवीत भाजी तेवढीच येणार.

अगदी तेवढीच नाही, कारण बल्बचा रोध वेगाबरोबर असा वाढत नाही. रोध आणि हा अडथळा सरळ बेरजेत मिसळतही नाहीत. काटकोन त्रिकोणासारखं दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावं लागतं. समजा १५ च्या वेगाला दोन्ही १२ ओहम आहेत. एकूण विरोध १७ झाला. ३० च्या वेगाला रोध १२ च, अडथळा २४, एकूण सुमारे २७. बळ दुप्पट झालं, पण धारा वाढली जेमतेम सव्वापट. वेग चौपट केला तरी दीडपटसुद्धा होत नाही. बांधणी करणारा वेटोळ्याचे फेरे आणि चुंबक असे निवडतो की ही धारा अर्ध्या अँपिअरच्या आसपास थबकावी. तिथून पुढे कितीही पळवा, डायनामो हात आखडता घेतो.

हे समजल्यावर मला घरातलं एक जुनं कोडं सुटलं. वडील नाशिकरोडच्या प्रेसमधून दुसरी पाळी करून सायकलवर घरी यायचे. त्या काळी विनादिवा सायकल दिसली की पोलीस अडवत. वडिलांच्या सायकलचे दोन्ही बल्ब नेहमी एकाच रात्री जायचे, आणि तेही अंधाऱ्या रात्री. शेजारच्या काकूंनी अमावास्येचा दोष काढला आणि हँडलला लिंबू-मिरची बांधली. खरा प्रकार असा की खड्ड्यात आदळून पुढच्या बल्बची तार तुटायची. डायनामो मात्र आपला अर्धा अँपिअर ढकलतच राहायचा आणि आता तो सगळा ०.१ अँपिअरच्या मागच्या बल्बवर यायचा. बिचारा क्षणात संपायचा. आणि अमावास्याच का? चांदण्या रात्री पायांना त्रास नको म्हणून वडील डायनामो टायरला लावतच नसत!

एलईडीला हाच स्वभाव मानवतो, कारण तिला व्होल्टेजपेक्षा ठरावीक धारा हवी असते. त्यामुळे त्याच ३ वॅटमध्ये आता जुन्या बल्बच्या कित्येक पट उजेड पडतो. दिव्यात थोडी वीज साठवणारा कपॅसिटर असेल तर नाशिकच्या द्वारका चौकातल्या सिग्नलला थांबल्यावरही मागचा दिवा काही मिनिटं तेवत राहतो.

मग घ्यायचा कोणता? संध्याकाळी गंगापूर रोडवर अर्धा तास फिरणार असाल तर कोणताच नको, चार्जिंगचा दिवा पुरे. जुन्या सायकलला थोडक्यात उजेड हवा असेल तर बाटलीवाला चालेल. फक्त त्याचा आस चाकाच्या केंद्राकडे रोखलेला हवा, आणि आधी चाकाचा आऊट, म्हणजे डुगडुगता वाकडेपणा, काढून घ्या, नाहीतर रोलर उड्या मारतो. पावसाळ्यात, विशेषतः त्र्यंबक रस्त्यावरच्या चिखलात, तो घसरतोच. ६०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, ४० तासांत संपवायची, म्हणजे किमान एक रात्र रस्त्यावर काढायची. त्यासाठी मी हबच घेणार. महाग आहे, आणि चाक नव्याने विणावं लागतं. स्टर्मी-आर्चरने असा हब १९३६ मध्येच बाजारात आणला होता, तरी आपल्याकडे तो अजून नवलाचाच. मागवण्यापूर्वी पुढच्या चाकाच्या तारा (स्पोक) मोजा. जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० असतात, तर हब ३२ आणि ३६ भोकांचेही मिळतात. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यातलं अंतर आणि डिस्क ब्रेक आहे की नाही, तेही बघून ठेवा.

बाटलीवाल्याला बहुतेकदा एकच वायर दिसते, कारण धारा सायकलच्या लोखंडातून परत येते. क्लॅम्पच्या टोकदार स्क्रूखालचा रंग खरवडलेला नसेल तर सगळं ठीक असूनही दिवा लागत नाही. कार्बनच्या फ्रेमवर हा जुगाड चालत नाही, तिथे दुसरी वायर ओढायची.