जाळीविना हर्निया दुरुस्ती

जांघेतल्या हर्नियाचं, म्हणजे अंतर्गळाचं, ऑपरेशन प्लास्टिकची जाळी न बसवता पेशंटच्याच टिश्यूनं करायच्या पद्धतींना हे नाव. पोटातून जांघेत बाहेर आलेल्या अस्तराच्या पिशवीचा बंदोबस्त सगळीकडे जवळपास सारखाच, फरक पडतो तो मागची कमजोर भिंत कशी उभी करायची यात.

सुरुवात इटलीतल्या पादुआच्या सर्जन एदोआर्दो बासिनींपासून धरतात. साल कुणी १८८४ देतं, कुणी १८८७. पहिलं ऑपरेशन आधीचं आणि जाहीर मांडणी नंतरची, तेव्हा १८८४ धरलेलं बरं. बासिनी मागचा ट्रान्सव्हर्सॅलिस फॅशियाचा, म्हणजे पोटाच्या स्नायूंच्या आतल्या बाजूच्या पातळ पटलाचा, थर उघडून तीन थर एकत्र टाक्यात घ्यायचे, पण पुढे अमेरिकेत बऱ्याच जणांनी तो थर उघडायचंच सोडलं, नाव मात्र बासिनींचंच ठेवलं, हर्निया परत यायला लागले आणि बोल लागला मूळ पद्धतीला, हे खरंच अन्यायाचं झालं. टोरांटोच्या शोल्डाइस पद्धतीत तो थर परत उघडतात आणि पदरावर पदर चढवून सलग टाक्यांनी शिवतात.

पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांची पद्धत २००१ मध्ये छापून आली. पोटाच्या बाहेरच्या तिरक्या स्नायूचं पांढरं चिवट पटल असतं, त्याच्या वरच्या भागाची कड आधी जांघेच्या लिगामेंटला शिवतात, मग त्यातच चीर देऊन साधारण दीड-दोन सेंटीमीटरची पट्टी मोकळी करतात, दोन्ही टोकं मात्र तोडत नाहीत, आणि पट्टीची वरची कड स्नायूच्या कमानीला शिवतात. कॉर्ड, म्हणजे वृषणाकडे जाणाऱ्या नळी-रक्तवाहिन्यांचा जुडगा, पट्टीच्या पुढे राहते. पेशंट जागा असेल तर टेबलावरच खोकायला सांगतात, पट्टी ताणली जाताना समोर दिसते.

शिकागोचे सर्जन अँड्र्यूज यांनी १८९५ मध्येच हे पटल वापरलं होतं, मग यात नवीन काय, असं विचारता येतं; पण तिथे पटल एकावर एक चढवलं होतं, दोन्ही टोकांना जोडलेली, स्नायूबरोबर ताणली जाणारी पट्टी तिथे नाही, त्यामुळे वेगळी पद्धत म्हणणंच जास्त पटतं. पोलंडमध्ये २०८ पेशंटवर देसरडा पद्धतीची जाळीच्या लिश्टेनश्टाइन पद्धतीशी तुलना झाली (२०१२), तीन वर्षांत दोन्हीकडे दोन-दोन हर्निया परत आले. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये जाळीविना पद्धतींत पहिली पसंती मात्र शोल्डाइसलाच आहे.

लहान मुलांत भिंत शिवायची वेळ सहसा येत नाही, पिशवी वरपर्यंत सोडवून बांधली की झालं.