सर्पगंधा ते लिथियम : उन्मादावरील औषधांची पार्श्वभूमी

पणजीत चर्चसमोरच्या बागेला गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचं नाव आहे. औषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात सर्पदंशावरच्या 'सापाच्या लाकडा'चं वर्णन येतं. त्यातलं एक लाकूड म्हणजे आपली सर्पगंधा, असं अभ्यासक मानतात. हीच मुळी १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावरचं औषध म्हणून वैद्यकजगतापुढे मांडली. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. पण त्यानं रक्तदाब फार उतरे, मनही खचे, म्हणून ते मागे पडलं.

रात्र रात्र झोप नाही, तोंडाला खळ नाही, हातात येईल तो पैसा उधळायचा. बायपोलर आजारात मन कधी उन्मादाच्या, कधी उदासीच्या टोकाला जातं. त्यातला हा उन्माद पाहून आपल्याकडे अजूनही कित्येक घरं आधी घाडी, म्हणजे मांत्रिक, गाठतात. त्या घरांना मी दोष देत नाही. खात्रीचं औषध डॉक्टरांच्या हाती आलं, त्यालाही शंभर वर्षं झालेली नाहीत.

ते आलं १९४९ मध्ये. ऑस्ट्रेलियातले मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी गिनीपिगना लिथियम या धातूचा क्षार टोचला, तेव्हा ते प्राणी निपचित पडले. मग केडनी तो आधी स्वतः घेतला आणि नंतर उन्मादाच्या दहा रुग्णांना दिला. वर्षानुवर्षं इस्पितळात असलेला पहिला रुग्ण घरी गेला, कामाला लागला. पुढच्याच वर्षी लिथियमच्याच विषबाधेनं तो दगावला. त्याच सुमारास अमेरिकेत मिठाऐवजी लिथियम खाऊन माणसं मेली होती. तिथे मान्यता मिळायला १९७० उजाडलं. मधल्या काळात डेन्मार्कचे मनोविकारतज्ज्ञ मोगेन्स शाऊ यांनी १९५४ मध्ये पद्धतशीर चाचणी केली. रक्तातली पातळी मोजता येऊ लागली, तेव्हा कुठे हे औषध निर्धास्तपणे देता आलं.

लिथियमचा गुण यायला आठवडाभर तरी लागतो, आणि उन्मादाच्या भरात तेवढी उसंत नसते. तिथे १९५२ चं क्लोरप्रोमाझिन, १९५८ चं हॅलोपेरिडॉल, पुढे ओलॅन्झापिन, रिस्पेरिडोन ही मन शांत करणारी औषधं कामी आली. व्हॅल्प्रोएट हे मुळात फेफऱ्यावरचं औषध, तेही उन्मादावर देतात. गर्भाला त्यापासून धोका असल्यानं तरुण बायकांना देताना डॉक्टर कचरतात, आणि ते योग्यच आहे.

उन्मादाचा झटका चालू असताना रक्तातलं लिथियम साधारण ०.८ ते १.२ मिलिमोल प्रतिलिटर ठेवतात. घामावाटे पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात. काही वेदनाशामक गोळ्यांनीही तेच होतं. गोव्याच्या मे महिन्यात, लिथियम चालू असलेल्याचे हात जास्त थरथरू लागले, जुलाब लागले किंवा तोल जाऊ लागला, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारून त्याच दिवशी रक्त तपासावं.